गोव्यातले ४२ टोमॅटो: जनुकीय विविधता मोजायची, पण सगळ्यांना बँड एकच

रब्बीवाफा

नमस्कार मंडळी. भात कापल्यावर नोव्हेंबरात लावता येईल आणि जिवाणूजन्य मर रोगात तग धरेल असा खाण्याचा टोमॅटो तयार करायचा आहे. संकरासाठी पालक वाण ठरवण्याआधी हाताशी असलेल्या ४२ नमुन्यांची जनुकीय विविधता मोजायची आहे. यातले २४ नमुने पेडणे, डिचोली, सत्तरी आणि काणकोण तालुक्यांतले 'गावठी' आहेत. बहुतेक चपटे, किंचित धारा असलेले, देठाकडे हिरवा खांदा, पातळ साल, चवीला आंबट. १२ प्रसारित वाण आहेत: पुसा रुबी, पुसा अर्ली ड्वार्फ, अर्का विकास, अर्का आभा, अर्का आलोक, धनश्री, केरळचा शक्ती वगैरे. उरलेले ६ राष्ट्रीय जनुक बँकेतून आले आहेत.

प्रत्येक नमुन्याच्या ५ रोपांची पानं एकत्र वाटून सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने डीएनए काढला आणि १० एसएसआर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींची लांबी दाखवणारे) प्रायमर ३ टक्के ॲगारोज जेलवर चालवले. ८ प्रायमरना ४२ च्या ४२ नमुन्यांत एकच बँड (जेलवर दिसणारा डीएनएचा पट्टा), तोही एकाच उंचीवर. उरलेल्या २ प्रायमरना ७ गावठी नमुन्यांत दोन-दोन बँड.

डीएनए काढताना काही चुकलं का? ५ रोपं पुरेशी आहेत का? प्रयोगशाळेत आरएपीडीचे (डीएनएवर जिथे जुळेल तिथे चिकटणारे) प्रायमर पडून आहेत, ते वापरले तर चालेल का? फळांच्या मोजमापावर डी-स्क्वेअर (अनेक गुणांवरून नमुन्यांतलं अंतर) काढलं तर मार्करची, म्हणजे डीएनएवरच्या खुणांची, गरज उरते का? आणि टोमॅटो पोर्तुगीजांबरोबर इथे उतरला म्हणतात, तर या गावठीत ती जुनी वंशावळ शिल्लक असू शकते का?

जेलट्रे

डीएनए ठीक आहे. तो खराब असता तर बँड फिका आला असता किंवा आलाच नसता. ४२ ठिकाणी स्वच्छ आणि सारखा बँड येणं ही टोमॅटोची रीतच आहे.

कारण इतिहासात आहे. रानटी टोमॅटो अँडीजच्या पश्चिम उतारावर पसरलेले. त्यातला लहान फळाचा पिंपिनेलिफोलियम हा आपल्या टोमॅटोचा पूर्वज. तिथून चेरीसारखा प्रकार मेक्सिकोपर्यंत गेला, तिथे फळ मोठं झालं आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्यातलं मोजकं बियाणं युरोपात नेलं. प्रत्येक टप्प्यावर मूठभर बी पुढे गेलं. शिवाय पीक स्वपरागित, त्यामुळे जे मागे राहिलं ते मागेच राहिलं. रानटी जातींत जेवढी विविधता आहे त्याच्या ५ टक्क्यांहूनही कमी लागवडीच्या टोमॅटोत उरली आहे, असा अंदाज १९९० सालीच मांडला गेला होता. डोळ्यांना दिसणारं वैविध्य फसवतं. लांबट, चपटा, नासपतीसारखा, धारांचा असे सगळे आकार ओव्हेट, सन, फॅसिएटेड आणि एलसी या चार जागांच्या फेरफारातून बऱ्याच अंशी येतात. १२ गुणसूत्रांच्या जोड्या आणि सुमारे ९०० मेगाबेसचा जीनोम, त्यातल्या चार जागा.

दुसरं कारण तुमचं जेल. १५० ते २०० बेसपेअरच्या तुकड्यांत ३ टक्के साध्या ॲगारोजवर १० बेसपेअरच्या आतला फरक ओळखू येत नाही. एसएसआरमध्ये दोन अक्षरांची पुनरावृत्ती असते तेव्हा फरक २, ४, ६ चा असतो. म्हणजे फरक असला तरी तुम्हाला दिसला नसता. ६ टक्के डीनेचरिंग पॉलिॲक्रिलामाइड आणि सिल्व्हर स्टेन वापरा, नाहीतर प्रायमरला फ्लोरोसंट लेबल लावून कॅपिलरीवर द्या. साध्या ८ टक्के पॉलिॲक्रिलामाइडवरही काम होतं, पण तिथे एक खोच आहे: रोप विषमयुग्मी (एकाच जागी दोन वेगळी रूपं, म्हणजे ॲलील, असलेलं) असेल तर दोन बँडच्या बराच वर तिसरा, मंद सरकणारा बँड उठतो. तो हेटेरोड्युप्लेक्स (दोन ॲलीलचे धागे एकमेकांना जुळून झालेला) असतो. त्याला तिसरं ॲलील म्हणून नोंदवलं की पुढचं सगळं गणित फुगतं. मुख्य बँडच्या खाली २-२ अंतरावर दिसणाऱ्या फिकट सावल्याही तशाच सोडून द्यायच्या.

प्रायमर निवडताना जनुकांच्या आतले एसएसआर टाळा, ते फार हलत नाहीत. जीनोममधल्या जनुकांबाहेरच्या, १२ किंवा अधिक वेळा पुनरावृत्ती असलेल्या जागा घ्या. प्रत्येक गुणसूत्रावर दोन, शक्यतो दोन भुजांवर एकेक, असे २४. सगळ्या नमुन्यांवर लगेच चालवू नका. आधी सहाच घ्या: एक पिंपिनेलिफोलियम, एक चेरी, दोन गावठी, पुसा रुबी आणि बाजारातला कुठलाही एक एफ-१ संकरित. जो प्रायमर पिंपिनेलिफोलियम आणि पुसा रुबी यांतही फरक दाखवत नाही, तो बाद. २४ चालणारे हवे असतील तर ५०-६० तपासायची तयारी ठेवा.

पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) २० मायक्रोलिटरचा: डीएनए ३० नॅनोग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड १.५ मिलिमोलर, प्रत्येक डीएनटीपी ०.२ मिलिमोलर, प्रत्येक प्रायमर ०.३ मायक्रोमोलर, टॅक १ युनिट. ९४ अंशांवर ४ मिनिटं. मग ३५ फेऱ्या, ९४ वर ३० सेकंद, ५५ वर ३० सेकंद, ७२ वर ४५ सेकंद. शेवटी ७२ वर ७ मिनिटं.

पानं एकत्र वाटलीत ही मात्र खरी चूक. त्या ७ नमुन्यांतले दोन बँड एकाच विषमयुग्मी रोपाचे की दोन वेगळ्या रोपांचे, हे आता कुणीच सांगू शकत नाही. एका ट्यूबमध्ये एकच रोप घ्या.

आरएपीडी नको. मॅग्नेशियम थोडं हललं, टॅकची कंपनी बदलली, यंत्र बदललं की बँड बदलतात, आणि विषमयुग्मी रोप ओळखता येत नाही. आधीच फरक थोडे असलेल्या पिकात जो 'फरक' दिसेल त्यातला बराचसा पीसीआरचा असेल. फुकट आहेत म्हणून वापरू नयेत असे ते प्रायमर आहेत.

वायंगण

वर डीएनएचं झालं. पण रोप वाढवून बघितल्याशिवाय नमुना म्हणजे काय हेच ठरत नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 'गावठी' म्हणजे बेळगावहून न आलेला, एवढाच अर्थ असू शकतो. शेतकऱ्याने संकरित वाणाच्या फळाचं बी ठेवलं, पुढच्या वर्षी लावलं, आवडलेल्या झाडाचं परत ठेवलं, की चार-पाच वर्षांत ते 'आमचं घरचं बी' होतं. टोमॅटोत दर पिढीला विषमयुग्मता निम्मी होते: एफ-२ (संकरिताच्या बियांची पहिली पिढी) मध्ये ५० टक्के, एफ-३ मध्ये २५, एफ-४ मध्ये १२.५, एफ-७ पर्यंत दीडेक टक्का. म्हणजे असं बी स्थिर होतं आणि जुन्या वाणासारखंच वागू लागतं. त्यात गैर काही नाही, पालक म्हणून ते उत्तमही असेल. पण २४ गावठी म्हणजे २४ स्वतंत्र वंश, असं धरून चालू नका.

प्रत्येक नमुन्याची २० रोपं वाढवा आणि दोन खुणा बघा. पहिली, झाडाची वाढ. मर्यादित वाढीचं झाड शेंड्याला फुलोरा देऊन थांबतं; त्याच्यामागचं एसपी जनुक अप्रभावी आहे. दुसरी, हिरवा खांदा. तो नसणं, म्हणजे कच्चं फळ सगळीकडे सारखं फिकट हिरवं असणं, हेही अप्रभावी. एकाच नमुन्यात सुमारे चारात एक झाड वेगळं दिसलं तर ते संकरिताचं एफ-२ आहे. ५ रोपांत अशी वेगळी रोपं एकही न दिसण्याची शक्यता २४ टक्के असते, २० रोपांत ती ०.३ टक्क्यांवर येते. तुमच्या ५ रोपांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. जो नमुना फुटत नाही, म्हणजे ज्याची सगळी रोपं सारखी निघतात, त्याचं एक रोप मार्करसाठी पुरे, खात्रीसाठी तीन, प्रत्येकाचा डीएनए वेगळा. जो फुटतो त्याची ८ ते १० रोपं वेगवेगळी घ्या, नाहीतर सरळ बाजूला ठेवा.

खांदा बघायची वेळ चुकवू नका. फळ पूर्ण वाढलेलं पण रंग फुटायच्या आधी, हिरवं असतानाच. लाल झाल्यावर तो कळत नाही, फार तर पिवळट डाग राहतो आणि मग तो उन्हाने पडला की जातीचा, यावर वाद होतो.

पानांची गोळाबेरीज इथल्या दमटपणात बिघडते. सिलिका जेल पानाच्या वजनाच्या किमान दसपट, रंग बदलणारं घ्या, आणि निळ्याचं गुलाबी झालं की त्याच दिवशी बदला. पान २४ तासांत कुरकुरीत वाळलं पाहिजे. मऊ राहिलं, तपकिरी झालं तर फेका.

आता शेतातली मांडणी. ४२ नमुन्यांना तीन-तीन पुनरावृत्ती द्यायला जागा आणि मजूर नसतील तर ऑगमेंटेड ब्लॉक (नमुने एकदाच, तुलनेचे वाण प्रत्येक भागात) करा. पुसा रुबी, अर्का विकास, अर्का आलोक आणि शक्ती हे चार चेक, म्हणजे तुलनेचे वाण, प्रत्येक ब्लॉकमध्ये येतील. उरलेले ३८ नमुने पाच ब्लॉकमध्ये ८, ८, ८, ७, ७ असे एकदाच. एकूण ५८ वाफे. त्रुटीचे (एररचे) स्वातंत्र्यांश ४ × ३ = १२ मिळतात, त्याहून कमी नकोत. वाफ्यात ६० × ४५ सेंटिमीटरवर १० झाडं. गादीवाफ्यात बी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पुनर्लागवड चार आठवड्यांनी. उशीर केलात तर फुलं मार्चच्या उकाड्यात सापडतात, फळधारणा घटते, आणि कुक्षी पुंकेसरांच्या नळीबाहेर डोकावू लागली की परपरागही वाढतो. बियाण्यासाठी ठेवायच्या घोसांना फूल उमलायच्या आधीच मलमलची पिशवी बांधा.

आणि हे ठळक सांगतो: वर्णन करायचं शेत आणि मर रोग तपासायचं शेत एक करू नका. रोगाच्या शेतात कमजोर नमुने आधी मरतात, त्यांच्या फळांची नोंदच होत नाही, आणि तुमच्या तक्त्यातल्या रिकाम्या जागा योगायोगाने पडलेल्या नसतात. वर्णनासाठी मागची तीन-चार वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची न लावलेली जागा घ्या. जांभ्या मातीचा पीएच बघून चुना आधीच द्या, नाहीतर कॅल्शियमअभावी फळांची बुडं काळी पडतात आणि वजनाला फळंच उरत नाहीत.

आकडेमोड

डी-स्क्वेअरबद्दल. ते चुकीचं नाही, महालनोबिसांनी १९३६ सालीच नीट मांडून दिलंय, आणि गुणांमधला परस्परसंबंध ते सांभाळून घेतं. पण टोमॅटोत एकटं फळाचं वजन सगळी फारकत खाऊन टाकतं. २० ग्रॅमचं गावठी आणि ९० ग्रॅमचा अर्का विकास यांच्यातलं अंतर बहुतांशी वजनाच्या दोन-चार जागांचंच असतं, बाकी जीनोम सारखा असला तरी. वजनाचा लॉग घेऊन मगच विश्लेषणात टाका; सरासरी वाढते तशी विचरणही वाढते, ती लॉगने आटोक्यात येते. फळाची नोंद दुसऱ्या-तिसऱ्या घोसातल्या, पूर्ण लाल १० फळांवर. कप्पे आडवं कापून मोजा, गराची जाडी व्हर्नियरने, ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) रसाच्या थेंबावर. वाढीचा प्रकार, खांदा, आकार हे वर्गांतले गुण आहेत, ते डी-स्क्वेअरमध्ये कोंबू नका. आकड्यांचे आणि वर्गांचे गुण एकत्र असतील तर गॉवरचं अंतर घ्या.

मग मार्करचं अंतर वेगळं काढा आणि दोन्ही तक्ते मँटेल चाचणीने (दोन अंतर-तक्त्यांतला संबंध मोजणारी) ताडून बघा. संबंध कमकुवत निघेल. तसा निघाला म्हणून घाबरू नका, दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. मार्कर नातं सांगतात आणि फळाची मोजमापं माणसाने काय निवडलं ते.

पीआयसी (मार्कर किती माहिती देतो त्याचा आकडा) नेहमी हाताने एकदा तपासा, कारण अनेक जण १ वजा ॲलील-वारंवारतांच्या वर्गांची बेरीज यालाच पीआयसी लिहून मोकळे होतात. समजा एका जागी तीन ॲलील, वारंवारता ०.६, ०.३, ०.१. वर्गांची बेरीज ०.४६, म्हणून अपेक्षित विषमयुग्मता ०.५४. पीआयसीसाठी यातून प्रत्येक जोडीचा २ × वर्ग × वर्ग वजा करायचा: २ × (०.३६ × ०.०९ + ०.३६ × ०.०१ + ०.०९ × ०.०१) = ०.०७३८. पीआयसी ०.४६६. दोन ॲलीलच्या मार्करला पीआयसी ०.३७५ च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे एसएनपीबद्दल (डीएनएतल्या एकाच अक्षराचा फरक) 'एसएनपीचं पीआयसी एसएसआरपेक्षा कमी, म्हणून एसएनपी वाईट' हे वाक्य अहवालात नको.

बाहेरून जीबीएस (जीनोमभरच्या हजारो एसएनपी वाचणारी पद्धत) करून घेणार असाल तर एक गोष्ट हमखास हातातून जाते. ४२ रोपं म्हणजे प्रत्येक जागी ८४ प्रती. एकाच गावठी नमुन्यात असलेलं समयुग्मी ॲलील म्हणजे २ प्रती, वारंवारता ०.०२४. सेवा देणारे सवयीने ०.०५ खालची सगळी एसएनपी गाळतात. म्हणजे ज्या एकमेव गावठीत काही वेगळं आहे, नेमकं तेच पहिल्या चाळणीत गेलं. कच्ची व्हीसीएफ फाईल (न गाळलेल्या फरकांची यादी) मागून घ्या आणि चाळणी स्वतः लावा: माहिती नसलेल्या जागा २० टक्क्यांपर्यंत चालतील, पण १० टक्क्यांहून जास्त रोपांत विषमयुग्मी दिसणारी जागा काढून टाका. स्वपरागित पिकात ती बहुधा एकसारख्या दोन जनुकांची सरमिसळ असते. फुटणारे नमुने आधी बाजूला ठेवूनच हे बघा. ठराविक एसएनपी तपासणाऱ्या तयार चिपमध्ये, उदाहरणार्थ ७,७२० एसएनपींच्या सोलकॅपमध्ये, उलट अडचण आहे. तिथले फरक मुख्यतः अमेरिकी साहित्यात सापडलेले, त्यामुळे आपल्याकडे वेगळं काही असेल तर ते मोजलंच जात नाही.

नमुन्यांचे गट पाडणारा स्ट्रक्चर हा प्रोग्रॅम हार्डी-वाइनबर्ग संतुलन, म्हणजे मुक्त परपराग, गृहीत धरतो, टोमॅटो ते पाळत नाही. शिवाय गट किती (के) हे ठरवणारी डेल्टा-केची पद्धत 'एकच गट' हे उत्तर देऊच शकत नाही, तिची सुरुवात २ पासून. त्यामुळे टोमॅटोवरच्या अहवालांत के = २ इतक्या वेळा दिसतो. त्याऐवजी पीसीओए आणि डीएपीसी (अंतरं आणि गट आलेखावर दाखवणाऱ्या पद्धती) करा. यूपीजीएमएचं झाड (जवळच्या नमुन्यांना जोडत काढलेली फांद्यांची आकृती) काढलंत तर कोफेनेटिक सहसंबंध (ते झाड मूळ अंतरांशी किती जुळतं) सोबत द्या, ०.८ च्या खाली असेल तर त्या झाडावरून गट पाडू नका.

रब्बीवाफा

देव बरें करूं! बरंच डोक्यात बसलं. दोन शंका उरल्या. पोर्तुगीज वंशावळीचं कुणी बोललं नाही. आणि समजा विविधता कळली, तर सगळ्यात लांबचे दोन घेऊन संकर करायचा का?

जेलट्रे

पोर्तुगीजांचा प्रश्न उलट बाजूने सोडवा. जुनं आहे हे सिद्ध करणं कठीण, नवं आहे हे पकडणं सोपं.

मर्यादित वाढीचा एसपी बदल १९१४ साली फ्लोरिडात सापडला. त्यामुळे जे गावठी शेंड्याला फुलोरा देऊन थांबतं ते पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेलं असू शकत नाही. दुसरी खूण म्हणजे रानटी जातींतून विसाव्या शतकात आणलेली जनुकं. सूत्रकृमींविरुद्धचं एमआय-१ पेरुव्हियानममधून, लीफ कर्लविरुद्धचं टीवाय-२ हॅब्रोकायटिसमधून. एमआय-१ ओळखणाऱ्या एमआय-२३ मार्करला प्रतिकारकाचा बँड ३८० बेसपेअर, संवेदनशीलाचा ४३०. टी०३०२ या मार्करला टीवाय-२ असेल तर ९००, नसेल तर ८००. दोन्ही मार्कर साध्या ॲगारोजवर ओळखता येतात, विषमयुग्मीही कळतो. यातला एकही रानटी बँड दिसला की त्या गावठीच्या आजोबांत आधुनिक वाण आहे. तुमचे ते दोन-दोन बँडवाले ७ नमुने आधी यातून काढा.

दोन्ही नकारार्थी आले म्हणून जुना, असं मात्र नाही. पुसा रुबीतही ही जनुकं नाहीत. आणि तुम्ही गावठीचं जे वर्णन दिलंय, चपटा, किंचित धारा, आंबटसर, ते पुसा रुबीशीच जुळतं. २४ एसएसआरवर पुसा रुबीपासून वेगळं न निघणारं गावठी म्हणजे पुसा रुबी किंवा तिचं लेकरू असंच धरा. जे वेगळं निघेल त्याची तुलना युरोपातल्या जुन्या वाणांशी आणि मेक्सिको-पेरूकडच्या चेरी प्रकारांशी करावी लागेल. ते बियाणं राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोच्या आयात परवान्यानेच येतं, टपालाने मागवू नका.

याच रानटी तुकड्यांचा एक उपद्रव. एमआय-१ आणि लीफ कर्लविरुद्धचंच टीवाय-१ दोन्ही सहाव्या गुणसूत्रावर, टोबॅमोव्हायरसविरुद्धचं टीएम-२ स्क्वेअर नवव्यावर, आणि तिथे रानटी तुकडा बराच लांब जातो. एसएनपी मोजलीत तर असा एक तुकडा शेकडो फरक दाखवतो आणि तो वाण आलेखात सगळ्यांपासून दूर जाऊन बसतो. विविध दिसतो, असतो एकाच तुकड्यापुरता. गुणसूत्रवार अंतर काढा, किंवा एकत्र चालणाऱ्या एसएनपींतली एकेकच ठेवा.

वायंगण

सगळ्यात लांबचे दोन घ्यायचे नाहीत. सगळ्यात लांबचा बहुधा चेरी निघेल, आणि त्याचा संकर केलात की पुढची चार वर्षं फळाचं वजन परत आणण्यात जातात.

आधी मर रोगाची चाचणी, मग तग धरणाऱ्यांतून अंतर बघून निवड. चार आठवड्यांची रोपं कुंडीत, एका बाजूने सुरी खुपसून मुळं कापा, आणि मिलिलिटरला १० कोटी पेशींचं जिवाणूचं द्रावण प्रत्येक रोपाला ३० मिलिलिटर ओता. प्रत्येक नमुन्याची १० रोपं, तीन वेळा. तापमान २८ ते ३२ अंश, म्हणजे आपलं नेहमीचंच. चार आठवडे दर तीन दिवसांनी ० ते ५ गुण. संवेदनशील चेक ८० टक्के मेला नाही तर चाचणी बाद, बाकीचे तगले म्हणून आनंद मानू नका. जिवाणू इथल्याच शेतातला घ्या, कारण एका ठिकाणी टिकणारा वाण दुसऱ्या ठिकाणी पडतो. जुने गोवे येथील ईला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत या जिवाणूवर काम झालेलं आहे, जिवाणू वेगळा करण्याआधी तिथे विचारा.

शेतात मेलेलं झाड खरंच याच रोगाचं आहे का, ते जागेवरच बघा. बुंध्याचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरा. हलवायचं नाही. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ, बारीक धागा सरळ खाली उतरताना दिसतो. धागा नाही, आतल्या वाहिन्या तपकिरी आणि पानं आधी एका बाजूने पिवळी पडलेली, तर ती फ्युझारियमची मर. जिवाणूची मर झालेलं झाड हिरवंच्या हिरवं झोपतं.

दात्यांबद्दल: अर्का आभा आणि अर्का आलोक दोन्ही तैवानच्या भाजीपाला केंद्राच्या साहित्यातून निवडलेले. दोन नावं आहेत म्हणून दोन वेगळे प्रतिकार धरू नका, मार्करवर बघा. हवाई ७९९६ हा मर रोगाला प्रतिकारक वाण मिळाला तर तो चेक म्हणून ठेवाच. त्याच्या प्रतिकाराच्या मुख्य जागा सहाव्या आणि बाराव्या गुणसूत्रावर आहेत, त्यामुळे तुमच्या तगलेल्या गावठीत त्याच जागा आहेत की आणखी काही, हे ताडून बघता येतं. वेगळी जागा निघाली तर ४२ नमुन्यांच्या खटाटोपातली खरी मिळकत ती.

आकडेमोड

वंशावळही वाचा, ती फुकट आहे. पुसा रुबी म्हणजे सू × इम्प्रूव्ड मेरुती, पुसा अर्ली ड्वार्फ म्हणजे इम्प्रूव्ड मेरुती × रेड क्लाउड. एक पालक सामाईक, म्हणजे जवळची भावंडं. ४२ मध्ये दोघांना वेगळे म्हणून मोजलंत तरी संकरात ती एकमेकांना द्यायची नाहीत. अर्का विकास अमेरिकी टिप-टॉपमधून निवडलेला, तो या दोघांपासून किती दूर जातो ते बघा. २४ एसएसआर नीट निवडलेत का याची ती चांगली परीक्षा आहे. पुसाची जोडी जवळ आणि अर्का विकास लांब, असं चित्र आलं नाही तर गावठीविषयी काही लिहू नका, आधी जेल परत वाचा.

रब्बीवाफा

मग असं ठरवतो: यंदा ४२ नमुन्यांची २०-२० रोपं, फुटणारे बाजूला. उरलेल्यांचं एकेका रोपाचं पान, आधी एमआय-२३ आणि टी०३०२, मग ६० मधून निवडलेले २४ एसएसआर. ऑगमेंटेड मांडणी वेगळ्या जागेत, मर रोगाची चाचणी कुंडीत. जीबीएस पुढच्या वर्षी, तगलेल्यांचंच.

जेलट्रे

जीबीएस तगलेल्यांचंच नको, सगळ्यांचं करा. तगलेले आणि मेलेले दोन्ही असतील तरच कुठला तुकडा तगायला कारणीभूत आहे याचा अंदाज येईल. त्यासाठी आत्ताच प्रत्येक रोपाचा डीएनए दोन ट्यूबमध्ये ठेवा, एक वापरायला आणि एक उणे २० वर न उघडता. सीटॅबमध्ये २ टक्के पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल त्याच दिवशी घाला. डीएनएचा गोळा जेलीसारखा लिबलिबीत आला तर ती साखर आहे. १ मोलर मीठ आणि इथेनॉलने परत एकदा बसवा. २६०/२३० चा (डीएनएच्या शुद्धतेचा) आकडा १.८ च्या वर गेल्याशिवाय जीबीएसला पाठवू नका.

आणि ट्यूबच्या झाकणावर नुसत्या मार्कर पेनाने नंबर लिहू नका. इथेनॉलचा एक थेंब पडला की ७ आणि १ सारखेच दिसतात. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी वरून टेपने चिकटवा.